मेहकरची येळवस आणि एक राहिलेलं रेकॉर्डिंग

मेहकर म्हटलं की बेंगळूरूतले मराठी मित्र हटकून विचारतात, "म्हणजे बुलढाण्याचं? लोणारजवळचं?" नाही. हे मेहकर वेगळं. बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या हद्दीजवळचं, मांजरेच्या खोऱ्यातलं काळ्या मातीचं गाव. माझं आजोळ. बसवरची पाटी कन्नड, घरातली भाषा मराठी आणि बाजारात भाव करायचा तर दखनी. माझ्या मामाचा नातू एकाच वाक्यात या तिन्ही भाषांतून उड्या मारतो आणि कुठेही अडखळत नाही.

आज्जीचं माहेर निलंगा तालुक्यातलं. तिचं लग्न झालं तेव्हा माहेर आणि सासर दोन्ही हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होतं. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, बीदर, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. "मी कुठं गेले न्हाई बाबा, सरकारच हललं," असं ती म्हणायची. सीमाभागावर आपण सगळ्यांनीच बरंच वाचलंय, म्हणून ते इथंच सोडतो. मला सांगायचंय ते मी या गावात केलेल्या एका चुकीबद्दल आणि ती निस्तरायला येळवशीला गेलो त्याबद्दल.

आधी माझा धंदा सांगायला हवा. कॉलेजात असताना मी एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचो. केस खांद्यापर्यंत, टी-शर्ट काळा, गाणी सगळी इंग्रजी. चार वर्षांत आम्हाला तीन बक्षिसं मिळाली, त्यातलं एक उत्तेजनार्थ. मग गायक अमेरिकेला गेला, ड्रमवाल्याला बँकेत नोकरी लागली आणि बँडच्या वायरींचं गाठोडं माझ्या खोलीत राहिलं. त्या वायरींवरच माझं पुढचं आयुष्य उभं आहे. आज एका भाड्याच्या खोलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. जाहिरातींचे आवाज, बोलकी पुस्तकं आणि अधूनमधून एखाद्या नव्या बँडची पहिली गाणी. गाण्याच्या श्रेयनामावलीत माझं नाव 'प्रोड्यूसर' म्हणून येतं. आईला हे अजून नीट कळलेलं नाही. ती लोकांना सांगते, "साऊंडचं काहीतरी करतो."

२०१८ च्या उन्हाळ्यात मी नवा माइक घेतला आणि थेट मेहकरला गेलो. आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या होत्या. आज्जी तेव्हा ऐंशीची. जातं ढाळजेच्या कोपऱ्यात होतं, पण मी ते वापरू दिलं नाही. घरघरीनं रेकॉर्डिंग खराब झालं असतं ना! आज्जीला पाटावर बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि त्यात मेट्रोनोमची टिकटिक सोडली, म्हणजे पुढं गिटार आणि ड्रम बसवायला सोपं जाईल. ती दोन शब्द गायची आणि थांबायची. "कानात कोण ठोकूलालंय रे?" म्हणून विचारायची. शेवटी म्हणाली, एकटी गाणार नाही, सुनेला बोलाव. मग मामी येऊन शेजारी बसली. मी दुसरा माइक तिच्यासमोर ठेवला.

ओवी कशी म्हणतात ते नव्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. एक पहिली ओळ सांगते, दुसरी ती उचलते, पुढं नेते. चाल एकीची, ओढ दोघींची. आज्जी सांगायची आणि मामी उचलायची, असं वीस-बावीस वर्षं चाललेलं.

घरी आल्यावर मी काय केलं? मामीचा ट्रॅक बंद करून टाकला. मला 'आज्जीचा आवाज' हवा होता. आज्जीच्या माइकमध्ये मामीचा आवाज शिरला होता, तोही सॉफ्टवेअरनं घासून घासून काढला. श्वास काढले, बांगड्या काढल्या, खोकला काढला. खाली गिटार, ड्रम, थोडा व्हायोलिनचा आभास. चार मिनिटांचं गाणं तयार झालं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. पुण्या-मुंबईच्या भावंडांनी टाळ्यांच्या रांगा लावल्या, एकानं गाडीत रोज ऐकतो म्हणून कळवलं. मामानं ते आज्जीला ऐकवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "बाई चांगली गायलीय. कोणची हाय?"

सगळे हसले. मीही हसलो. महिनाभरानं डिस्कवर जागा कमी पडली तेव्हा मूळ फाइली पुसल्या, कारण काम तर झालं होतं. २०२० मध्ये आज्जी गेली. दिवसकार्याला गेलो तेव्हा स्वयंपाकघरात मामी सहज बोलल्यासारखं बोलून गेली, "त्या गाण्यात मी न्हवतेच की रे." तक्रारीचा सूर नव्हता. तिनं लगेच चहाचं विचारलं. पण ते वाक्य मी पाच वर्षं वागवलं.

आता प्रवास. २०१७ मध्ये बीदर–कलबुर्गी रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून बेंगळूरूहून आमच्याकडे जाणं सोपं झालंय. रात्री झोपायचं, सकाळी हुमनाबाद ओलांडलं की बाहेर तुरीची शेतं आणि मधूनच लाल मातीचा पठारी उंचवटा दिसतो. बीदरला उतरून मी मुद्दाम दोन तास काढले. चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून बिदरी कामाची दुकानं आहेत. एका कारागिरासमोर बराच वेळ उभा राहिलो. जस्त आणि थोडं तांबं यांच्या मिश्रधातूचं भांडं, त्यावर कोरलेल्या नक्षीत चांदीची तार ठोकून बसवलेली. या टप्प्यावर चांदी नीट उठूनच दिसत नाही, कारण भांडंही राखाडी आणि तारही पांढरट. मग किल्ल्यातली माती नवसागरात कालवून तापल्या भांड्याला चोळतात. भांडं काळंकुट्ट होतं, चांदीला मात्र काही होत नाही. चांदी घासून चकचकीत करायची नसते, आजूबाजूचं काळं होऊ द्यायचं असतं. मी आज्जीच्या आवाजाचं नेमकं उलटं केलं होतं. कारागिराला अर्थात यातलं काही बोललो नाही. एक छोटी डबी घेतली, मामीसाठी.

बीदरहून भालकी साधारण चाळीस किलोमीटर. तिथून मेहकरची बस. माझ्या मांडीवर रेकॉर्डरची पेटी, शेजारच्या आजोबांच्या मांडीवर कोथिंबीर आणि मेथीच्या जुड्या. बसभर हिरवा वास. दुसऱ्या दिवशी येळवस होती.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. कन्नडमध्ये एळ्ळ अमावास्ये म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ. लातूर, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), बीदर, कलबुर्गी या पट्ट्याबाहेर हा सण फारसा कुणाला माहीत नाही. पण इथं त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेतात आमंत्रण. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात, त्यांना चुना लावतात. पूजा झाली की जेवण. आंबील मडक्यातली, ज्वारी-बाजरीचे उंडे, शेंगदाण्याच्या पोळ्या आणि भज्जी. भज्जीला पुण्याची मंडळी भजी समजतात आणि फसतात. ही भज्जी म्हणजे त्या मोसमात रानात जे जे हिरवं असतं ते सगळं, ओले दाणे, तूर, वाटाणे, हरभऱ्याची पानं, बेसन लावून शिजवलेलं. मी तीनदा घेतली.

जेवणं झाल्यावर उन्हात पडलो असताना मामाचा नातू जवळ सरकला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कानात सतत काहीतरी असतं. म्हणाला, "काका, प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा ना?"

सिनेमात हो, गाण्यात नाही. गाण्याचा प्रोड्यूसर म्हणजे कुठलं वाद्य कुठं, आवाज जवळून की लांबून, कुठला प्रयत्न ठेवायचा, कुठला टाकायचा, आणि कधी म्हणायचं की आता पुरे, हे ठरवणारा माणूस. बरेचदा तो आधी स्वतः वाजवणारा असतो. त्याचा प्रश्न होता, मग स्टेज का सोडायचं? टाळ्या सोडून काचेमागं का बसायचं?

मी त्याला नंदू भेंडेंचं सांगितलं. नाव त्यानं ऐकलं नव्हतं. आपल्यातल्या ज्येष्ठांना आत्माराम भेंडे आठवत असतील, 'झोपी गेलेला जागा झाला'वाले. त्यांचा आणि आशा भेंडेंचा हा मुलगा. मराठी नाटकवाल्या घरातला मुलगा सत्तरच्या दशकात मुंबईत 'वेल्व्हेट फॉग'सारख्या बँडमधून इंग्रजी रॉक गात होता. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' बसवलं त्यात ते ज्युडास झाले. नंतर १९७८ मध्ये थिएटर ॲकॅडमीचं 'तीन पैशाचा तमाशा' आलं. ब्रेख्तच्या नाटकावरून पुलंनी लिहिलेलं, जब्बार पटेलांनी बसवलेलं. त्यातही नंदू भेंडे गायले. माझ्या बाबांनी तो प्रयोग पुण्यात पाहिला होता आणि मी केस वाढवले तेव्हा घरात माझी बाजू घेणारे ते एकटेच होते, त्याचं मूळ मला वाटतं त्या प्रयोगात असावं. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्येही नंदू भेंडेंचा आवाज आहे.

"मग?" नातू म्हणाला.

मग ते स्टुडिओत गेले. दूरचित्रवाणीवरच्या मालिकांना संगीत दिलं, स्वतःचा स्टुडिओ चालवला. ज्या माणसाचा आवाज नाट्यगृह हलवायचा, तो इतरांच्या दृश्यांखाली वाजणारे तुकडे बांधत बसला. काही लोक याला उतार म्हणतात. मला तसं वाटत नाही, अर्थात माझा त्यात स्वार्थ आहे. भारतात इंग्रजी रॉक गाऊन घर चालत नव्हतं हे खरंच, पण केवळ पोटासाठी माणूस इतकी वर्षं काचेमागं बसत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ते गेले. आत्माराम भेंडे त्यांच्यानंतर दहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये.

दुसरं उदाहरण गोव्याचं, रेमो फर्नांडिस. हे नाव त्याला ठाऊक होतं, पण एका सिनेमाच्या गाण्यापुरतं. रेमो मुंबईत जे. जे.मध्ये वास्तुकला शिकले, 'द सॅव्हेजेस' बँडमध्ये होते, नंतर युरोप-आफ्रिकेत भटकले आणि शिवोलीच्या घरी परतले. १९८४ मध्ये त्यांनी 'गोवन क्रेझी' हा अल्बम घरातच केला. चार ट्रॅकचा रेकॉर्डर, आणि वाद्यं, आवाज, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, वर कॅसेटचं चित्रसुद्धा स्वतःचं. मग स्कूटरवर कॅसेटी लादून दुकानादुकानांत जाऊन त्या विकल्या.

चार ट्रॅक म्हणजे काय ते मी त्याला भाकरीच्या तुकड्यांनी दाखवलं, कारण आजच्या मुलांच्या लॅपटॉपवर शंभर ट्रॅक फुकट मिळतात. असल्या यंत्रात तीन ट्रॅकवर वाजवायचं, मग ते तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे. तीन मोकळे झाले, त्यावर नवं वाजवा. पण एकदा चौथ्यावर उतरवून जुने पुसले की ढोलकी जास्त झाली म्हणून मागं जाता येत नाही. दर वेळी ठरवायचं आणि त्या ठरवण्यासोबत राहायचं. शिवाय दर उतरवणीला टेपची थोडी सळसळ वाढते.

"आणि पुसलं गेलं तर?"

तेव्हा मी ब्रायन ईनोची गोष्ट सांगितली. 'रॉक्सी म्युझिक' बँड सोडून तो पुढं मोठा प्रोड्यूसर झाला. डॅनियल लान्वासोबत यू-टूचा 'द जोशुआ ट्री' करत होता, १९८७ मध्ये निघालेला. त्यातल्या पहिल्या गाण्यावर आठवडेच्या आठवडे गेले. दुरुस्त्यांवर दुरुस्त्या. ईनो इतका वैतागला की टेप पुसून टाकायची आणि सगळं नव्यानं सुरू करायचं या विचारानं मशीनकडं गेला. सहायक इंजिनिअरनं त्याला अडवलं. गाणं वाचलं आणि जगभर वाजलं.

नातू हसला. मग म्हणाला, "पणजीच्या वेळी तुला अडवायला कुणी नव्हतं का?"

म्हणजे या पोरालाही माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. कोपीच्या सावलीत मामी भांडी गोळा करत होती, तिनं वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठलो. वेळ मुद्दाम तीच. मेहकरमध्ये थ्री-फेज वीज आली की शेतातल्या मोटारी सुरू होतात, मग गिरणी, मग ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरवर कन्नड सिनेमाची गाणी. त्याआधीच्या तासाभरात गाव इतकं शांत असतं की गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू येतं. ते मी ऐकू येऊ द्यायचं ठरवलं होतं. फक्त फ्रिज बंद केला, त्याची गुणगुण माइकला फार लागते. फ्रिज परत लावायचा विसर पडू नये म्हणून ध्वनिमुद्रणवाले एक युक्ती करतात. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे किल्लीशिवाय घरी जाता येत नाही. माझ्याकडे गाडी नव्हती, म्हणून मामाच्या मोटरसायकलची ठेवली.

माळवदाचं घर आवाजाला फार चांगलं, हे मी आधी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. जाड मातीच्या भिंती, वर मातीचंच छत. शहरातल्या खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो, म्हणून आम्ही फोमच्या लाद्या चिकटवतो. इथं भिंत आवाज पिऊन टाकते. एकच काम होतं. जातं फरशीवर फिरलं की हादरा जमिनीतून माइकच्या स्टँडमध्ये चढतो. स्टँडखाली दोन गोधड्यांच्या घड्या घातल्या. माइक या वेळी एकाच्या तोंडाशी नाही, थोडा लांब, दोघींच्या आणि जात्याच्या मधोमध पडेल असा.

पण दोघी कुठं होत्या? जातं गेली कित्येक वर्षं फिरलंच नव्हतं. टाकी लावलेली नाही, खुंटा गायब. मामानं आदल्या संध्याकाळी बाभळीचा खुंटा तासून बसवला. मामीच्या सुनेला ओव्या येत नाहीत, ती शाळेत शिकवते, आणि ती स्पष्ट म्हणाली, "मला लाज वाटते." जावांपैकी एक लेकीकडं, एक दवाखान्यात. मामी जात्यापाशी बसली, पदर खोचला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बस की. यकटीनं वढत न्हाई हे."

मी तर हेडफोन लावून मीटर बघायला बसलो होतो. तो काढून ठेवला आणि तिच्यासमोर मांडी घातली. मामीनं मूठभर ज्वारी वैरली. खुंट्यावर तिचा हात, वर माझा. मी बेस वाजवणारा, ताल सांभाळणं हेच माझं काम, असा माझा समज. दोन फेऱ्यांत तिनं थांबवलं. "हाबडा देऊलालास. वढू नको, यीऊ दे." जातं फिरतं तेव्हा अर्धी फेरी तुमची असते आणि अर्धी समोरच्याची. समोरची ओढत असताना हात नुसता न्यायचा असतो. मी माझी अर्धी संपल्यावरही ढकलतच होतो.

ते जमल्यावर ती गायली नाही. नुसतं दळत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पहिली वळ माझी नसतीय रे. ती आत्याबाई सांगायच्या." सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात.

याची तयारी मी करून आलो होतो, आणि खरं सांगतो, मला त्याचा थोडा अभिमानही होता. मूळ फाइली गेल्या, पण २०१८ चा आज्जीचा घासलेला आवाज, गिटारशिवाय, माझ्याकडं होता. मामीच्या जागा त्यात रिकाम्याच होत्या, मीच त्या रिकाम्या केल्या होत्या. आज्जी एका कानात वाजेल, मामी त्या रिकाम्या जागांत आपली ओळ गाईल, मी दोन्ही जोडीन. एका आवाजावर दुसरा नंतर चढवायचा, ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट. मामीच्या कानाला हेडफोन लावले आणि फाइल सुरू केली.

तिनं डोळे मिटून ऐकलं. एक ओवी, दुसरी. तिसरीला ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मग तिनं हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "ह्या आत्याबाई न्हाईत. आत्याबाई अशा घाईत कुठं असत्या?"

घाई मेट्रोनोमची होती. जात्याची एक फेरी जितकी लांब, तितकी आज्जीची ओळ, हे इतकं साधं होतं, आणि मी तिच्या कानात ठोकत बसलो होतो.

लॅपटॉप मिटला. मामीनं पुन्हा ज्वारी वैरली. पाचेक फेऱ्या झाल्या आणि ती गायला लागली. पहिली ओळ जरा खालच्या, जाड आवाजात, हनुवटी थोडी वर करून. मला कळायला वेळ लागला, ती आज्जीसारखी म्हणत होती. दुसरी ओळ तिची स्वतःची, पातळ, पुढं सरकणारी. पुन्हा पहिली आज्जीची. मध्ये एकदा माझ्याकडं बघून तिनं सांगितलंही, "ही त्यांची," आणि मग, "ही माझी." भावाची वाट बघणाऱ्या बहिणीच्या ओव्या होत्या, पंढरीच्या होत्या, पावसाच्या होत्या. एक होती सुनेनं सासूची उणीदुणी काढलेली, आणि ती मामीनं आज्जीच्याच आवाजात म्हटली. तिथं ती हसली. ते हसू रेकॉर्डिंगमध्ये आहे.

महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. मी ते काम नंतर वाचलं. इतक्या ओव्यांत कुठलीतरी मामीचीही असेलच, शब्दांनी. पण आज्जीची हनुवटी वर करून म्हटलेली नसेल.

ज्वारी संपली तेव्हा तेवीस ओव्या झाल्या होत्या. शेवटच्या दोन ओव्यांच्या मागं कुठंतरी मोटर सुरू झालेली ऐकू येते. माझ्या धापाही ऐकू येतात, बऱ्याच. पातळी आधीच बरीच खाली ठेवली होती म्हणून कुठं आवाज फाटला नाही, तेवढं माझं कौशल्य. मामीला सगळं ऐकवलं. तिनं विचारलं, "मोटर काढणार हाईस?" मी नाही म्हणालो. "ऱ्हाऊ दे. आपलीच हाय ती."

ग्रुपवर एक्केचाळीस मिनिटांची फाइल जशीच्या तशी टाकली. टाळ्या कमी आल्या. गाडीत रोज ऐकणाऱ्या भावानं विचारलं, याची गिटारवाली आवृत्ती कधी. मी लिहिलं, जुनी आहे ना, तीच ऐक. मूळ फाइल मात्र या वेळी तीन ठिकाणी आहे, त्यातली एक मामाच्या नातवाकडं. त्यानं स्वतःहून मागितली.

त्या दिवशी मामाला भालकीला बाजाराला जायचं होतं. अकरापर्यंत घरभर शोधाशोध चालली. जात्याखाली, गोधड्यांत, म्हशीच्या गव्हाणीत. किल्ली कुठं ठेवली हे मी साफ विसरलो होतो. शेवटी मामीनं दूध काढायला फ्रिज उघडला. आतला दिवा लागला नाही, दूध नासलं होतं, आणि किल्ली दह्याच्या भांड्याशेजारी होती. तिनं ती मामाला दिली आणि दुधाचं पनीर करायला घेतलं.